सतार आधी, तालीम नंतर

परभणी-अंबाजोगाईकडच्या बैठकींत चहाच्या वेळी हमखास सांगितले जाते, की ‘बीटल्स’ या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉर्ज हॅरिसन यांनी पंडित रविशंकर यांच्याकडे तालीम घेतली आणि मगच रॉक संगीतात सतार आणली. हा क्रम उलटा आहे. १९६५ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळी हॅरिसन यांनी सतार प्रथम हाताळली, लंडनच्या दुकानातून एक विकत घेतली आणि ऑक्टोबरमध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या बीटल्सच्या गाण्यात वाजवलीही, पण तेथे आलाप नाही, रागविस्तार नाही, बँडमधले सहकारी जॉन लेनन यांच्या गिटारवरची चालच सतारीवर उमटली आहे. पंडितजींची भेट जून १९६६ मधली, आणि सप्टेंबरमध्ये हॅरिसन शिकण्यासाठी मुंबईस आले. तालमीचा खरा परिणाम (माझ्या मते तरी) १९६७ च्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये, तंबोरा, दिलरुबा आणि तबल्याच्या संगतीत ऐकू येतो.