तळघराच्या भिंतीला डांबर मारलं म्हणजे वॉटरप्रूफिंग झालं?

कोटेशनमध्ये ‘तळघराच्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग’ अशी एक ओळ असते आणि साइटवर बिटुमेनचे, म्हणजे डांबराचे, दोन हात मारले जातात. भिंत काळीकुळकुळीत दिसते, मालक निश्चिंत होतो. पण या कामाने फक्त ओल थांबते. पाणी थोपवणं हे निराळं काम आहे; त्याचं सामान वेगळं आणि दरही वेगळा.

ओल म्हणजे मातीतला दमटपणा. दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी ती काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत येते. तिच्यामागे दाब नसतो, त्यामुळे छिद्रं बुजली की भागतं, आणि तेवढं बिटुमेनचा पातळ थर चोख करतो. साचलेलं पाणी मात्र रेटा देतं: दर मीटर उंचीला चौरस मीटरमागे 1 टन. बाहेर 3 मीटर पाणी उभं राहिलं तर भिंतीच्या पायथ्याशी चौरस मीटरवर 3 टनांचा दाब येतो. काँक्रीट आकसताना केसाएवढ्या भेगा पडतातच. मातीला किंवा भूजलाला लागून असलेल्या भागात 0.2 मिमीपर्यंतची भेग आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानकसुद्धा चालवून घेतं. पातळ, कडक झालेला डांबराचा थर भेगेबरोबर ताणला जात नाही, तिथेच चिरतो. मग पाण्याला तेवढी फट पुरते.

‘आमच्या प्लॉटला पाणी लागलंच नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा एप्रिल-मेमधल्या खड्ड्याकडे बघून म्हटलेलं असतं. पुण्यात मुरमाखाली काळा पाषाण लागतो. त्यात तळघरासाठी खणलं की दगडात कोरलेला हौदच तयार होतो. भिंत आणि खडक यांच्यामधली जागा भुसभुशीत भरावाने भरली जाते. जूननंतर गच्चीचं, अंगणाचं पाणी तिथे मुरतं आणि खाली जायला वाट नसल्यामुळे चढत राहतं. म्हणून इथे नुसत्या डांबरावर भिस्त ठेवू नये. उताराच्या प्लॉटवर, पायथ्याचं पाणी पाइपातून आपोआप बाहेर पडत असेल, तर ते पुरेल.

वॉटरप्रूफिंगची सुरुवात काँक्रीट ओतण्याआधी होते. सगळ्यात जास्त गळती राफ्ट (तळाचा काँक्रीटचा स्लॅब) आणि भिंतीच्या सांध्यातून होते. तिथे राफ्टबरोबरच साधारण 150 मिमीचा स्टार्टर, म्हणजे भिंतीचा खालचा तुकडा, ओतून सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी प्लास्टिकची पट्टी) किंवा पाण्याने फुगणारी पट्टी बसवावी. फुगणारी पट्टी काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी पावसात भिजली तर तिथेच फुगून जाते. अशी पट्टी बदलावीच लागते. शटरिंगच्या फळ्या आवळणाऱ्या टायची भोकं आणि हनीकोंब (काँक्रीटमधले पोकळ, खडी उघडी पडलेले भाग) न आकसणाऱ्या, नॉन-श्रिंक ग्राउटने भरून घ्यावेत. सिमेंटच्या पोत्यामागे 200 मिली वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलं की झालं, असंही सांगितलं जातं. ते काँक्रीट दाट करायला मदत करतं, सांधा किंवा भेग बुजवत नाही.

मग बाहेरचा थर. राफ्ट-भिंतीच्या कोपऱ्यात 50 मिमीचा वाटा (कोपऱ्यातली गोलाई) काढावा, कारण काटकोनात मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पत्रा-गुंडाळीसारखा थर, दुमडून तुटतं. प्रायमर वाळल्यावर 4 मिमीचं टॉर्चने चिकटवायचं मेंब्रेन लावावं, बाजूला 100 आणि टोकाला 150 मिमी ओव्हरलॅप देऊन. त्यासाठी भिंत कोरडी हवी: रात्रभर प्लास्टिकचा तुकडा टेपने चिकटवून ठेवा, सकाळी आत दव दिसलं तर अजून थांबा. पॉलिमर-सिमेंट कोटिंगचं उलट आहे, त्याला पृष्ठभाग ओलसर लागतो, आणि दुसरा हात पहिल्याला आडवा मारतात. जुने मिस्त्री शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग (तळघराभोवती फरश्यांची पेटी) सुचवतात. मन लावून केलं तर टिकतं, पण तेही कडकच असतं, भिंत हलली की सांधे उघडतात.

आतून वॉटरप्रूफ प्लास्टर करून वेळ भागवणं सगळ्यात वाईट. पाणी मागून रेटतं आणि प्लास्टरचे पापुद्रे सुटतात.

एवढं करून भरावात काम बिघडतं. विटांचे तुकडे, फरशीचा राडारोडा टाकला की मेंब्रेनला भोक पडतं, म्हणून आधी ड्रेन बोर्ड (उंचवट्यांचा प्लास्टिकचा पत्रा) लावा. भराव मुरमाचा, 200 मिमीच्या थरांत. काळी माती नकोच, ती फुगून भिंतीला ढकलते. आणि वरचा स्लॅब पडून भिंतीला टेकू मिळेपर्यंत भराव करू नका. पायथ्याशी जिओटेक्स्टाइलमध्ये (माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळलेला छिद्रांचा पाइप, भोवती 20 मिमी खडी, आणि शेवटी पंप बसवलेली टाकी. पंपाला इन्व्हर्टर किंवा जनरेटरचं कनेक्शन द्या. जोराचा पाऊस आणि लाइट जाणं बहुतेक एकदमच होतं.