जुन्या गिटारवरची रेघ: लॅकर तडकले आहे की लाकूड?

गोव्यात एखादी जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला निघाली की गिऱ्हाईक आधी तिच्या अंगावरच्या बारीक रेघांकडे बोट दाखवते आणि किंमत पाडून मागते. बहुतेक वेळा त्या रेघा निरुपद्रवी असतात. गिटारचे मोल खरोखर कमी करणारा तडा सहसा हेडस्टॉकच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या, मागच्या बाजूला असतो आणि तिथे फार थोडे लोक पाहतात.

गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने, आणि 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनेही, गिटारींवर प्रामुख्याने नायट्रोसेल्युलोज लॅकरचा (वार्निशसारख्या लेपाचा) पातळ थर दिला. वर्षे सरतात तसतसा हा थर मऊपणा गमावून ठिसूळ होतो. तापमान एकाएकी बदलले की लाकूड आणि लॅकर सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत आणि लॅकर तडकते. गोव्यात कडाक्याची थंडी नसल्यामुळे, अशा रेघांचे जाळे दिसले तर ते गिटारच्या आधीच्या थंड देशातल्या वास्तव्याचे किंवा विमानप्रवासाचे असण्याची शक्यता अधिक. वातानुकूलित हॉलमधून दुपारच्या उन्हात काढलेली पेटी लगेच उघडण्याची घाईही त्याला हातभार लावते. या रेघांचा आवाजावर काहीही परिणाम होत नाही. जुन्या लॅकरवर त्या शोभूनच दिसतात, असे माझे मत आहे.

लाकडाच्या तड्याची गोष्ट वेगळी आहे. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारची मान महोगनीची असून तिचा हेडस्टॉक मागे साधारण 17 अंशांनी कललेला असतो. त्यातच ट्रस रॉडच्या (मानेचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीच्या) नटासाठी नेमक्या त्याच जागी खाच कोरलेली असल्यामुळे तिथे लाकूड फारच थोडे उरते, आणि सहा तारा मिळून सुमारे 45 किलोंचा ताण ओढत असताना स्टँडवरून एकदा पडणेही ती मान मोडायला पुरेसे ठरते. गिब्सनने 1970च्या सुमारास तिथे मागच्या बाजूला लाकडाचा उंचवटा ठेवायला सुरुवात केली आणि 1980च्या दशकाच्या प्रारंभी तो काढून टाकला. फेंडरचा हेडस्टॉक सरळ आणि मान मेपलची असल्याने तिथे हे दुखणे क्वचितच आढळते. नेक पॉकेटच्या, म्हणजे मान बसवायच्या खाचेच्या, कोपऱ्यातल्या रेघा तर बहुधा रंगापुरत्याच असतात.

ओळखण्यासाठी टॉर्च तिरपा धरावा. लॅकरच्या रेघा अनेक असतात, बऱ्याचदा एकमेकींना समांतर धावतात आणि लाकडाच्या अंगच्या तंतुरेषांची पर्वा न करता त्या आडव्या ओलांडतात. लाकडाचा तडा बहुतेकदा एकटाच असतो, रेषांच्या दिशेने तिरका सरकतो आणि मानेच्या दोन्ही कडांवर दिसतो. नखाला मात्र दोन्ही लागू शकतात, त्यामुळे केवळ नखावर विसंबू नये. तारा ताणलेल्या आणि सैल अशा दोन्ही अवस्थांत रेघेची रुंदी बदलते का ते पाहावे. बदलत असेल तर तडा लाकडातच आहे. ट्रस रॉडवरचे छोटे झाकण काढून आत डोकावण्याची परवानगीही मागावी, कारण बाहेरून रंगवून झाकलेला तडा आत उघडा राहिलेला असू शकतो. अतिनील दिव्याखाली जुने लॅकर हिरवट-पिवळसर चमकते आणि नंतर फवारलेला भाग वेगळा उठून दिसतो.

सरसाने नीट जोडलेली मान पुढे वर्षानुवर्षे टिकते आणि आवाजातला फरक बहुतेकांना जाणवतही नाही, तरीही विंटेज बाजारात अशा गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते. वाजवण्यासाठीच गिटार हवी असणाऱ्याला ही सवलत फायद्याची आहे, फक्त तड्याची गोष्ट विकणाऱ्याने आधी सांगितलेली हवी. रेघांचे भय दाखवून मात्र कुणी निम्मी किंमत मागत असेल तर मालकाने ती मुळीच देऊ नये. त्यापेक्षा पावसाळ्याच्या दमट हवेत गंजलेले ब्रिजचे (तारा टेकतात त्या आधाराचे) स्क्रू आणि खरखरणारे पोटेंशिओमीटर (आवाज कमी-जास्त करण्याच्या खुंट्यांखालचे भाग) यांवर घासाघीस करणे रास्त.