एका कामगारामागे चात्या किती? मुंबई आणि जपानच्या सूतगिरण्यांची तुलना

दोन देशांतील कामगारांची उत्पादकता ताडून पाहायची असेल, तर सूतगिरणीइतकी सोयीची जागा क्वचितच सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या आणि ओसाकाच्या गिरण्यांत उभी असलेली यंत्रे पुष्कळदा एकाच ठिकाणाहून, लँकेशायरमधल्या ओल्डहॅम गावच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीच्या कारखान्यातून आलेली असत. यंत्र तेच आणि निघणारा माल बहुतांशी तोच असल्यामुळे, उत्पादनात जो फरक पडतो त्याचे कारण यंत्राभोवतीच्या व्यवस्थेत शोधता येते.

ग्रेगरी क्लार्क या अर्थतज्ज्ञाने १९८७ साली अशी तुलना मांडली. त्याच्या हिशेबाप्रमाणे १९१०च्या सुमारास अमेरिकेतील न्यू इंग्लंडचा एक गिरणीकामगार जेवढे काम करी, तेवढ्यासाठी ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत २.३ आणि भारत, चीन, जपान किंवा ग्रीसमध्ये जवळजवळ सहा कामगार लागत. मला या आकड्यांत महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या वर्षी भारत आणि जपान एकाच ओळीत उभे होते. पुढच्या तीस वर्षांत मात्र जपानी कामगाराचे दर ताशी उत्पादन कित्येक पटींनी वाढले आणि भारतातले जेमतेम हलले.

हे मोजतात कसे, ते आधी पाहू. किती किलो सूत निघाले याला कामगारांच्या संख्येने भागणे सोपे आहे, पण त्यात फसगत होते. २० नंबरचे सूत जाड, ४० नंबरचे बारीक. त्याच वेळात त्याच चातीवर (सुताला पीळ देऊन ते गुंडाळणाऱ्या फिरत्या दांडीवर) बारीक सुताचे वजन कमीच भरणार. आखूड धाग्याचा कापूस वापरला तर सूत जास्त तुटते आणि तुटलेली टोके जोडण्यात कामगाराचा वेळ जातो. पाळी किती तासांची होती, हजेरीपटावरचे कामगार मोजले की प्रत्यक्ष आलेले, बदली कामगार धरले की वगळले, यावरही उत्तर बदलते. जपानी गिरण्या तर रात्रंदिवस दोन पाळ्यांत चालत. त्यामुळे प्रत्येक यंत्रामागचे उत्पादन दुप्पट दिसे, परंतु कामगारही दुप्पट लागत असल्याने श्रमाची उत्पादकता तेवढ्याने वाढत नाही. वाढते ती भांडवलाची. म्हणूनच अभ्यासक ठरावीक नंबरचे सूत धरून, एका कामगाराकडे किती चात्या सोपवलेल्या आहेत हे पाहणे पसंत करतात.

१९२७च्या टॅरिफ बोर्डापुढे, म्हणजे आयात जकातीचा विचार करणाऱ्या सरकारी मंडळापुढे, नेमके हेच आकडे आले. भारतात एक कामगार सुमारे १८० चात्या सांभाळी, जपानमध्ये २४०, इंग्लंडमध्ये ५४० ते ६०० आणि अमेरिकेत ११२०.

हे आकडे वाचून मुंबईचा कामगार आळशी होता असा निष्कर्ष अनेकांनी काढला आणि तो मला घाईचा वाटतो. कौशल्याचा मुद्दा घेतला, तर कोकणातून आणि घाटावरून आलेला मुंबईचा कामगार वर्षानुवर्षे त्याच खात्यात राबणारा होता, तर जपानी गिरणीत खेड्यांतून आणलेल्या, गिरणीच्याच वसतिगृहात राहणाऱ्या आणि दोन-तीन वर्षांत घरी परतणाऱ्या तरुण मुलींचा भरणा होता. अनुभवाच्या जोरावर उत्पादकता ठरत असती, तर आकडे उलटे दिसायला हवे होते. नव्या यंत्रांचे वावडे म्हणावे, तर रिंग चात्यांचे, म्हणजे न थांबता सूत कातणाऱ्या तेव्हाच्या नव्या चात्यांचे, प्रयोग नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८०च्या दशकातच केले होते. शिवाय मजुरी स्वस्त असताना यंत्रामागे जास्त माणसे लावणे मालकाला परवडतही होते, कारण एक माणूस कमी करून वाचणारा पगार फार नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर हे गणित बदलले. मजुरी वाढलेली होती, मालाचे भाव घसरत होते आणि जपानी कापड बाजारात येऊन थडकले होते. तेव्हा मुंबईच्या काही मालकांनी कामगाराला रिंग यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू आणि विणकराला दोनऐवजी तीन माग देण्याची योजना आणली. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या, सुमारे दीड लाख कामगारांच्या संपामागे पगारकपातीइतकीच ही योजनाही होती.

दोन बाजू सांभाळणे अशक्य होते म्हणून हा संप झाला असे समजणे चूक ठरेल. दोन बाजू एकाने घेतल्या की दुसरा घरी बसणार, आणि हा दुसरा बहुधा त्याच गावचा, त्याच चाळीतल्या खोलीत झोपणारा, कित्येकदा सख्खा भाऊ असे. जपानी गिरणीला मात्र कोणालाच काढावे लागले नाही. दर वर्षी मोठ्या संख्येने मुली नोकरी सोडून जात, आणि त्यांच्या जागी कमी मुली घेतल्या की प्रत्येकीच्या वाट्याच्या चात्या आपोआप वाढत. १९२९ साली तेथे स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी आली, तेव्हा कामाचे घटलेले तास भरून काढण्यासाठी गिरण्यांनी हीच वाट आणखी वेगाने धरली.