तस्करी, किनाऱ्यावरील व तिच्या नौका

जकात चुकवून किंवा बंदी मोडून समुद्रमार्गे केलेली मालाची ने-आण. इंग्लंडमध्ये १२७५ साली लोकरीच्या निर्यातीवर जकात बसली आणि चोरटी निर्यात साधारणपणे तेव्हापासूनची मानतात. तस्करीच्या खास नौका मात्र अठराव्या शतकापासूनच स्पष्ट ओळखू येतात.

त्यांपैकी कटरचा उगम वादग्रस्त आहे. एक डोलकाठी, भलेमोठे शीड, फळीवर फळी चढवून बांधलेला हलका सांगाडा आणि नाळेपुढे आत-बाहेर सरकणारा लांब वासा, म्हणजे बोस्प्रिट, ही त्याची लक्षणे. तो तस्करांनी घडवला आणि जकात खात्याने उचलला, असे एक मत. गस्तीच्या गरजेतून तो आला, असे दुसरे. ब्रिटिश नौदलाने १७६३ मध्ये तस्करीविरोधी गस्तीसाठी तयार कटर विकत घेतले, हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि दोन्ही पक्षांच्या नौका बरेचदा एकाच कारागिराकडे बांधल्या जात. कायद्याचा रोख वेगावर होता. १७२१ मध्ये लंडन व लगतच्या किनाऱ्यांवर चारांहून अधिक वल्ह्यांच्या होड्या जप्तीस पात्र ठरल्या; १७८४ मध्ये खाजगी कटरचा बोस्प्रिट नौकेच्या लांबीच्या दोन-तृतीयांशापुरता मर्यादित झाला. जप्त नौका करवतीने तोडत.

गस्त दिसल्यास मद्याची पिंपे बुडवत. सुमारे १५ ते १८ लिटरची पिंपे एका लांब दोरास बांधून मध्ये दगड व टोकांना नांगर लावत. पुढे लोखंडी आकडा तळाशी ओढून दोर पकडत. दगड कमी पडले तर पिंपे तरंगत, वादळात दोर तुटे, आणि फार दिवस राहिल्यास खारे पाणी शिरून मद्य नासे. चहाची जकात १७८४ मध्ये ११९ वरून १२·५ टक्क्यांवर आली आणि त्या मालातला नफा आटला.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वातंत्र्योत्तर काळात दुबईहून सोने येई, ते मुख्यतः दहा तोळ्यांच्या (११६·६४ ग्रॅम) लगडींत. अशा शंभर लगडींचे वजन ११·६६ किग्रॅ. भरते, पण आकारमान जेमतेम ६०० घन सेंमी. त्यामुळे मोठ्या खणाची गरज नव्हती. मालवाहू गलबत किंवा मासेमारीची लाँच पुरे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ चे कलम ११५ माल लपवण्यासाठी बांधलेल्या वा फेरबदल केलेल्या नौकेच्या जप्तीची तरतूद करते.