पेशीतलं लोह काम कसं करतं? शोधामागची पार्श्वभूमी

इंग्लंडमधले डॉक्टर चार्ल्स मॅकमन यांना १८८४ च्या सुमारास प्राण्यांच्या स्नायूंच्या वर्णपटात गडद पट्टे दिसले. हे पट्टे देणारं रंगद्रव्य हिमोग्लोबिनहून (रक्तातल्या लाल रंगद्रव्याहून) वेगळं असून पेशींच्या श्वसनाशी संबंधित आहे, असं त्यांनी मांडलं. फेलिक्स होप-सायलर या वजनदार जर्मन शास्त्रज्ञानं ते खोडून काढलं आणि विषय चाळीस वर्षं अडगळीत पडला. मॅकमन १९११ मध्ये गेले. आपलं बरोबर होतं हे त्यांना कळलंच नाही, याची फार हळहळ वाटते.

१९२५ मध्ये केंब्रिजला डेव्हिड कीलिन यांनी यीस्टमध्ये तसेच चार पट्टे पाहिले. यीस्टचं पाणी हवेत हलवलं की पट्टे नाहीसे होत, नुसतं ठेवलं की थोड्याच वेळात पुन्हा उमटत. लोह इलेक्ट्रॉन देतंय आणि परत घेतंय, हे डोळ्यांना दिसत होतं! या रंगद्रव्यांना त्यांनी ‘सायटोक्रोम’ म्हटलं.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यीस्टला कार्बन मोनॉक्साइड देत होते. अंधारात श्वसन मंदावे, उजेड पाडला की पुन्हा सुरू होई, कारण लोहाला चिकटलेला हा वायू प्रकाशानं सुटतो. कोणत्या रंगाचा प्रकाश किती परिणाम करतो हे मोजून त्यांनी, श्वसन घडवणारं एन्झाइम (अभिक्रिया वेगानं घडवणारं प्रथिन) हाती नसतानाच, त्यात हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमध्येही असणारा लोहयुक्त रंगीत गट, असल्याचं ओळखलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा प्रयोग. १९३१ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण लोहच का? ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात, तर सेंद्रिय रेणूंत बहुधा सगळे जोडीनं. त्यामुळे दोघांची थेट अभिक्रिया फार मंद होते. लोहाकडेही एकेकटे इलेक्ट्रॉन असतात. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि त्याला अभिक्रियेसाठी तयार करतं.

१९५५ मध्ये ओसामु हायाइशी आणि हॉवर्ड मेसन यांच्या गटांनी ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड, म्हणून माग काढता येणारा प्रकार) वापरून दाखवलं, की काही एन्झाइम हवेतला ऑक्सिजन थेट रेणूत बसवतात. पुढे यकृतात पी-४५० हे असंच हीम असलेलं एन्झाइम सापडलं. कार्बन मोनॉक्साइडसोबत ते ४५० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, म्हणून हे नाव. त्यात ऑक्सिजनचा एक अणू पाणी होऊन जातो, दुसरा लोहावर राहतो. १९७६ मध्ये जॉन ग्रोव्ह्ज यांनी सुचवलं, की हा अणू कार्बनवरचा हायड्रोजन खेचतो आणि तयार झालेला ओएच गट लगेच त्याच कार्बनला जोडला जातो. हा हायड्रोजन खेचणारा क्षणभंगुर टप्पा २०१० मध्ये जोनाथन रिटल आणि मायकेल ग्रीन यांनी पकडला, तोही उष्ण, आम्लयुक्त झऱ्यांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या पी-४५० मध्ये.