ओपिऑइड पॅच आणि ‘सहनशील’ रुग्ण

वेदनाशामक पॅच निघाले १९९०च्या दशकात, पण त्यांच्या वेष्टनावर आज दिसणारे बरेचसे इशारे २००५ नंतरचे आहेत.

या पॅचमधले फेंटानिल हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखे अफूच्या वर्गातले वेदनाशामक, १९६०च्या सुमारास बेल्जियममध्ये तयार झाले आणि बराच काळ भूलतज्ज्ञांच्या हातातच राहिले. ते मॉर्फिनच्या शंभरपटीपर्यंत तीव्र आणि चरबीत सहज विरघळणारे, म्हणूनच त्वचेतून आत जाते. १९९० मध्ये अमेरिकेत त्याच्या पॅचला मंजुरी मिळाली. एक पॅच ७२ तास पुरतो. कर्करोगाच्या वेदनांत तोंडाने गोळी घेता न येणाऱ्यांना त्याने फार मोठा दिलासा दिला, हे आधी सांगायलाच हवे.

घोटाळा झाला तो एका शब्दाने. पॅच फक्त ‘ओपिऑइड टॉलरंट’ रुग्णासाठी आहे, असे सूचनापत्रक सांगते. मराठीत याचे सरळ भाषांतर ‘सहनशील’ असे होते आणि तिथेच अर्थ उलटा होतो. वर्षानुवर्षे औषधाशिवाय दुखणे सोसलेला माणूस आपल्या लेखी सहनशील. पण हा पॅच ज्याला मुळीच लावू नये, तो नेमका हाच. वैद्यकीय अर्थ मोजून ठरवलेला आहे: तोंडाने रोज किमान ६० मिलिग्रॅम मॉर्फिन, किंवा तेवढ्याच ताकदीचे दुसरे ओपिऑइड, सलग आठवडाभर किंवा अधिक घेत असलेला रुग्ण. पूर्वी कधीतरी घेतले होते, हे यात धरत नाहीत. मध्ये खंड पडला की शरीराचा सराव ओसरतो. ‘सरावलेला’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो.

गोंधळ केवळ भाषांतराचा नव्हता. अमेरिकी नियामकांनी २००५ मध्ये इशारा दिला आणि २००७ मध्ये त्यांना तो पुन्हा द्यावा लागला, कारण डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे अशा कारणांसाठी, न सरावलेल्यांनाही पॅच लिहून दिले जात होते. श्वास मंदावून मृत्यू झाले होते. माझ्या मते ६० हा आकडा वेष्टनावरच ठळक छापायला हवा होता.

पॅच काढला म्हणजे औषध थांबले, असेही नाही. त्वचेखाली साठा उरतो; रक्तातली पातळी निम्मी व्हायला १७ तास किंवा अधिक लागतात. उष्णतेने शोषण वाढते: ४० अंश सेल्सिअस तापात पातळी सुमारे एक तृतीयांशाने चढू शकते. गरम पाण्याची पिशवीही पॅचवर नको.

इतर औषधांचा मामला यकृतातल्या, फेंटानिल मोडणाऱ्या सीवायपी३ए४ या विकराभोवती फिरतो. क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोल, रिटोनाविर, डिल्टियाझेम त्याला अडवतात, आणि फेंटानिल रक्तात साचते. रिफॅम्पिसिन किंवा कार्बामॅझेपिन चालू असताना ते लवकर निचरते; पण ती बंद केल्यावर, पॅच तोच असूनही, मात्रा हळूहळू जड होत जाते. ही बाजू हमखास विसरली जाते. झोपेच्या आणि चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या ओपिऑइडसोबत घेतल्यास श्वास मंदावतो, हा सूचनापत्रकावर चौकटीत छापलेला ठळक इशारा तर २०१६ चा. दारूलाही तेच लागू.

२०१२ मध्ये अमेरिकी नियामकांकडून मुलांची आकडेवारी पुढे आली: १५ वर्षांत पॅचशी चुकून संपर्क झाल्याच्या २६ घटना, त्यांत १० मृत्यू. २६ पैकी १६ मुले दोन वर्षांची किंवा त्याहून लहान. पुढच्या वर्षी पॅचवरची छपाई सहज दिसेल अशा रंगात करण्याचा आदेश निघाला. वापरलेल्या पॅचमध्येही बरेच औषध शिल्लक असते. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, यावर सगळीकडे एकमत आहे. त्यानंतर अमेरिकेत तो शौचालयात टाकून पाणी सोडायला सांगतात, तर इतर काही देशांत औषधविक्रेत्याकडे परत द्यायला.