इस्ट्रोजेन रोखणाऱ्या सगळ्या गोळ्या सारख्याच?

‘इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन, पुरुषाने ते शून्यावर आणावं, गोळी कुठलीही चालेल,’ असं बॉडीबिल्डिंग करणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यात दोन गोष्टी चुकतात.

पुरुषाच्या शरीरातही अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवतं. अ‍ॅनास्ट्रोझोल आणि लेट्रोझोल या गोळ्या हे एन्झाइमच अडवतात, म्हणजे इस्ट्रोजेन मुळात कमी बनतं. एक्झेमेस्टेन ही गोळी तर ते एन्झाइम कायमचं निकामी करते. शरीराला नवं एन्झाइम तयार करावं लागतं. टॅमॉक्सिफेन या गोळीचं काम वेगळं. ती स्तनाच्या पेशींमधले रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन जिथे चिकटून काम करतं त्या जागा, अडवते; रक्तातलं इस्ट्रोजेन घटवत नाही.

पडताळा सोपा आहे: एस्ट्राडिओलचा (रक्तात मोजल्या जाणाऱ्या मुख्य इस्ट्रोजेनचा) रिपोर्ट पाहा. अ‍ॅनास्ट्रोझोलने आकडा खाली येतो, टॅमॉक्सिफेनने येत नाही, उलट वाढूही शकतो. म्हणून ‘आकडा उतरला नाही, गोळी बनावट’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

आणि शून्याचं म्हणाल तर, जन्मतः अरोमाटेज नसलेल्या पुरुषांची हाडं ठिसूळ राहतात. कामेच्छेलाही इस्ट्रोजेन लागतंच. ही औषधं मुख्यतः स्तनाच्या कर्करोगासाठी आहेत; पाकिटातलं माहितीपत्रक उघडलंत की तेच छापलेलं दिसेल. आधीच घेत असाल तर न लाजता डॉक्टरांना सांगा.